टेक्निकलरचा रंग मुळात होता कुठे?

हॉलिवूडचे जुने रंगीत चित्रपट आवडीने पाहणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) किंवा ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) यांसारखे चित्रपट आजही भरदार रंगांत दिसतात. परंतु त्यांच्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी निघालेल्या चित्रपटांच्या ज्या जुन्या प्रती फिल्म सोसायट्यांमधून पाहायला मिळतात, त्या बहुधा सरसकट गुलाबी पडलेल्या असतात. तंत्र पुढे जात असताना रंग मागे कसे गेले, हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘पुनर्संचयित’ म्हणून आज जी डिजिटल आवृत्ती विकली जाते तिच्यातला रंग खरा मानावा का, हा दुसरा. फिल्म लॅबमध्ये प्रतींचे ग्रेडिंग, म्हणजे रंग आणि उजेड यांचा तोल साधणे, आणि पुढे जुन्या फिल्मची डिजिटल दुरुस्ती, हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे या प्रश्नांचे उत्तर मी रसायनाच्या आणि यंत्राच्या बाजूने देणार आहे. दिग्दर्शकांची आणि कथानकांची चर्चा त्यात गरजेपुरतीच येईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते पटण्यासाठी पुढचे सगळे वाचावे लागेल. हे दोन्ही चित्रपट ज्या पद्धतीने निघाले त्या टेक्निकलरच्या ऐन भरातल्या काळात निगेटिव्हमध्ये रंग नव्हताच. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवल असत आणि रंग सर्वप्रथम अवतरे तो प्रेक्षकांसाठी छापलेल्या प्रतीवर. जे निगेटिव्हमध्ये नव्हतेच ते निगेटिव्हमधून उडून जाण्याचा प्रश्न येत नाही. १९५० नंतर रंग निगेटिव्हच्या आत गेला आणि तिथूनच त्याच्या ऱ्हासाची गोष्ट सुरू झाली.

टेक्निकलर कंपनी १९१५ साली स्थापन झाली. हर्बर्ट काल्मस, डॅनियल कॉमस्टॉक आणि डब्ल्यू. बर्टन वेस्कॉट हे तिचे संस्थापक. पहिली पंधरा-सोळा वर्षे कंपनीने दोन रंगांवर, म्हणजे तांबडा आणि हिरवा एवढ्यांवरच, भागवले. दोन रंगांत चेहरा बऱ्यापैकी येतो, झाडे चालवून घेता येतात, पण आभाळाचा निळा आणि लिंबाचा पिवळा काही केल्या येत नाही. तीन रंगांचा कॅमेरा १९३२ साली तयार झाला. त्याच्या आखणीचे श्रेय मुख्यतः जे. आर्थर बॉल या तंत्रज्ञाला जाते. तो पहिल्यांदा वापरला डिस्नेने, ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या छोट्या कार्टूनपटासाठी. जिवंत नटांचा, संपूर्ण लांबीचा पहिला तीनरंगी चित्रपट ‘बेकी शार्प’ १९३५ साली आला.

या कॅमेऱ्याची रचना समजली की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. भिंगामागे दोन प्रिझम एकमेकांना चिकटवून केलेला काचेचा ठोकळा असे आणि त्याच्या मधल्या तिरक्या पृष्ठभागावर अर्धपारदर्शक आरसा. आत येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग सरळ पुढे जाऊन हिरव्या गाळणीमागच्या फिल्मवर पडे. उरलेला भाग काटकोनात वळून दुसऱ्या खिडकीकडे जाई आणि तिथे दोन फिल्म, लेपाच्या बाजू एकमेकींना लावून, एकत्र सरकत असत. त्यांतली पुढची फिल्म फक्त निळा प्रकाश टिपे. तिच्यावरच लालसर-नारिंगी थर असल्यामुळे मागच्या फिल्मपर्यंत केवळ लाल प्रकाश पोचे. अशा रीतीने एकाच क्षणी, एकाच भिंगातून, हिरव्या, निळ्या आणि लाल प्रकाशाच्या तीन स्वतंत्र कृष्णधवल नोंदी होत. यांतली लाल नोंद नेहमीच किंचित मऊ येई, कारण तिच्याकडे जाणारा प्रकाश दुसऱ्या फिल्ममधून गाळून आलेला असे. हा तपशील लक्षात ठेवावा, दुरुस्तीच्या चर्चेत तो पुन्हा लागेल.

आता छपाई. प्रत्येक निगेटिव्हपासून एक ‘मॅट्रिक्स’ फिल्म तयार केली जाई. मॅट्रिक्समधले जिलेटिन जिथे जास्त प्रकाश पडला तिथे विकसन करताना घट्ट होई आणि उरलेले गरम पाण्याने धुऊन निघे. त्यामुळे फिल्मवर चित्राचा अक्षरशः उठाव तयार होई, कुठे जाड तर कुठे पातळ. हा उठाव रंगाच्या द्रावणात बुडवला की जाड भाग जास्त रंग पितो आणि पातळ भाग कमी. मग ही रंग प्यालेली फिल्म एका कोऱ्या फिल्मवर दाबून धरायची, म्हणजे रंग तिच्यात उतरतो. निळ्या नोंदीवरून पिवळा, हिरवीवरून मॅजेंटा म्हणजे किरमिजी आणि लालवरून सायन म्हणजे हिरवट निळा, असे तीन रंग एकावर एक, दात्यांच्या धातूपट्ट्यावर फिल्म घट्ट बसवून, केसभरही न हलवता चढवायचे. लग्नपत्रिकेच्या रंगीत छपाईत कागद यंत्रातून जसा रंगागणिक पुन्हा पुन्हा जातो तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथले चित्र पुढे भिंतीएवढे मोठे होऊन दिसणार असते, आणि त्यामुळे सूक्ष्म सरकणेही चेहऱ्याभोवती रंगीत कडा होऊन उमटते. चाळिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तर कोऱ्या फिल्मवर आधी हिरव्या नोंदीचे फिकट कृष्णधवल चित्र उमटवून घेत, जेणेकरून काळे भाग दाट दिसावेत आणि कडांची छोटी चूक झाकली जावी.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा असा की रंग बाहेरून आणलेला असे. फिल्मच्या पोटात रासायनिक क्रियेने जन्म घेण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. त्यामुळे शुद्ध, दाट आणि टिकाऊ रंगद्रव्ये निवडण्याची मोकळीक लॅबला होती. कोणत्या रंगाचे द्रावण किती तीव्र ठेवायचे, रंग किती धुऊन काढायचा, यावर प्रतीचा उठाव, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, ठरे. ज्याला आपण सहजपणे ‘टेक्निकलरचा रंग’ म्हणतो, तो निसर्गातून टिपलेला नसून ठरवून चढवलेला असे, आणि तो ठरवण्याचा बराचसा अधिकार स्टुडिओबाहेरच्या एका कंपनीकडे होता.

ती कंपनी आपला कॅमेरा विकत नसे. कॅमेरा भाड्याने, त्याच्यासोबत कंपनीचा माणूस, विकसन आणि छपाई कंपनीच्याच लॅबमध्ये, आणि त्यावर रंगांचा सल्लागारही कंपनीचाच, असा सगळा करार असे. सल्लागार विभागाच्या प्रमुख नॅटली काल्मस. हर्बर्ट काल्मस यांच्याशी त्यांचा घटस्फोट १९२२ मध्येच झाला होता, तरी १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक टेक्निकलर चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव दिसते. पटकथा वाचून प्रसंगाप्रसंगाचा रंगतक्ता करायचा, मग वेशभूषा, नेपथ्य आणि पडद्यांची कापडेसुद्धा त्याबरहुकूम तपासायची, हे त्यांच्या विभागाचे काम. दिग्दर्शकांना आणि कलादिग्दर्शकांना हा हस्तक्षेप जाचक वाटे, आणि निर्माता डेव्हिड सेल्झनिक यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध उघड तक्रारी केल्या. मला मात्र नॅटलीबाईंवर नंतरच्या लेखकांनी केलेली टीका थोडी एकतर्फी वाटते. १९३५ साली लिहिलेल्या आपल्या निबंधात त्यांनी जो आग्रह धरला तो भडकपणाचा नव्हताच. रंगांची गर्दी डोळ्याला थकवते, म्हणून करड्या आणि मातकट रंगांचे प्रमाण मोठे ठेवा आणि ज्या ठिकाणी नजर जायला हवी तिथेच झळाळी द्या, असे त्यांचे सांगणे होते.

हे सांगण्याचे कारण असे की टेक्निकलर म्हणजे गडद, खेळण्यांसारखे रंग, ही समजूत फार खोलवर रुजली आहे, आणि ती पुनर्संचयनाच्या कामातही अडचण करते. ‘गॉन विथ द विंड’ नीट पाहिला तर लक्षात येते की त्याचा मोठा भाग तपकिरी, राखी आणि मातीच्या रंगांत आहे. मेणबत्तीच्या उजेडातले त्यातले प्रसंग जवळजवळ एकरंगी आहेत. त्यातला तांबडा रंग उठून दिसतो तो त्याच्या अवतीभोवती काही नाही म्हणूनच. लिऑन शॅमरॉय यांनी चित्रित केलेल्या ‘लीव्ह हर टू हेवन’ (१९४५) मध्ये खुनशीपणाची गोष्ट लख्ख उन्हात आणि अंबर रंगाच्या खोल्यांमध्ये घडते. तिथेही रंगांची संख्या थोडी आणि बेत पक्का आहे. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) हा अपवाद खरा, कारण रंग हाच त्याचा विषय होता. मूळ पुस्तकातले चंदेरी जोडे चित्रपटात माणकासारखे लाल झाले ते याच कारणाने. त्यात डोरोथी दार उघडते आणि तपकिरी घरातून रंगीत प्रदेशात पाऊल टाकते, त्या प्रसंगासाठी कोणतीही जादू केलेली नाही. घराचा आतला भागच तपकिरी रंगवला, नायिकेच्या जागी तशाच छटेच्या पोशाखातली दुसरी मुलगी उभी केली आणि सगळा प्रसंग रंगीत कॅमेऱ्यानेच टिपला. रंग कॅमेऱ्यासमोर ठरतो, याचा यापेक्षा चोख पुरावा मला माहीत नाही.

कॅमेऱ्यासमोर रंग ठरवण्याची किंमतही मोठी होती. प्रिझममध्ये आणि गाळण्यांमध्ये प्रकाशाचा इतका भाग खर्ची पडे की आजच्या मोजमापात या पद्धतीची संवेदनशीलता दहाच्याही खाली भरते. सुरुवातीला हा कॅमेरा दिवसाच्या प्रकाशाला जुळवलेला असल्यामुळे स्टुडिओत कार्बन आर्कचे प्रचंड दिवे लावावे लागत, आणि ‘ऑझ’च्या सेटवर तापमान ३८ अंशांच्या वर जाई. १९३९ च्या सुमारास जास्त वेगवान फिल्म आली तेव्हा दिव्यांचा भार लक्षणीय हलका झाला. पांढरा सदरा पांढरा ठेवला तर तो पडद्यावर फुटून दिसे, म्हणून पांढरे कपडे हलक्या करड्या किंवा मळकट छटेत रंगवून घेत. चेहऱ्यावरचा जुना तेलकट मेकअप रंगीत फिल्मवर चमके, त्यावर उपाय म्हणून मॅक्स फॅक्टर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पॅन-केक’ हा मेकअप बाजारात आणला, जो पुढे घराघरांत पोचला. जुन्या चित्रपटातला ‘नैसर्गिक’ पांढरा शर्ट प्रत्यक्षात करडा होता, हे ज्याला माहीत नाही असा माणूस आज संगणकावर बसून तो शर्ट शुभ्र करतो, आणि त्या ओढाताणीत अख्ख्या प्रसंगाचा तोल घालवतो.

आता १९५० कडे येऊ. अमेरिकी सरकारने १९४७ साली मक्तेदारीच्या आरोपावरून टेक्निकलर आणि ईस्टमन कोडॅक यांच्यावर खटला भरला होता. तो तडजोडीने मिटला, पण टेक्निकलरची खरी पीछेहाट केली ती १९५० साली बाजारात आलेल्या ईस्टमनकलर निगेटिव्हने. या एकाच फिल्मवर तीन थर होते, प्रत्येक थर एका रंगाला संवेदनशील, आणि विकसनाच्या वेळी त्या त्या थरात रंग आपोआप तयार होई. प्रिझम नको, तीन रिळे नकोत, भाड्याचा अवजड कॅमेरा नको. स्टुडिओचा कोणताही साधा कॅमेरा चालत असे. संवेदनशीलताही झपाट्याने वाढली : १९५२ च्या निगेटिव्हचा एएसए, म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, २५ होता, १९५९ च्या निगेटिव्हचा ५०. त्यात १९५३ साली सिनेमास्कोप आले आणि रुंद पडद्याचे वारे वाहू लागले. त्याची विशिष्ट भिंगे या प्रिझमवाल्या कॅमेऱ्याशी जुळणारी नव्हती. अमेरिकेत तीन निगेटिव्हच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला शेवटचा कथापट ‘फॉक्सफायर’ १९५५ साली प्रदर्शित झाला. वॉर्नरकलर, मेट्रोकलर, कलर बाय डीलक्स ही त्या काळातली नावे ऐकून वेगवेगळ्या पद्धती असतील असे वाटते. बहुतांशी ती एकाच ईस्टमनकलरवर लॅबने चिकटवलेली स्वतःची पाटी होती. एमजीएमने ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) यांसारखे काही चित्रपट ॲन्सकोकलरवर काढले, तो मात्र खरोखर निराळा माल.

ईस्टमनकलरमध्ये रंग थराच्या आत तयार होतो. विकसक द्रव्य चांदीच्या क्षारांवर काम करताना स्वतः बदलते आणि थरात आधीच ठेवलेल्या ‘कपलर’ नावाच्या द्रव्याशी जोडले जाऊन रंगाचा रेणू बनवते. ही क्रिया अत्यंत सोयीची, पण तिच्यातून कोणते रंग बनू शकतात याला रसायनशास्त्राच्या मर्यादा होत्या, आणि त्या काळी बनणारे रंग अस्थिर होते. अंधारात, डब्यात बंद ठेवलेल्या प्रतीतही ते हळूहळू विघटित होत. उष्णता आणि दमटपणा यांनी वेग वाढे. प्रतींमध्ये सायन सर्वांत आधी जाई, पिवळा त्याच्या मागोमाग, आणि मॅजेंटा तुलनेने टिकून राही. सायन आणि पिवळा वजा केल्यावर जे उरते तोच तुम्ही पाहिलेला गुलाबी रंग. मुंबई-कोकणच्या हवेत वातानुकूलनाशिवाय पडून राहिलेल्या विदेशी प्रती फार लवकर या अवस्थेला पोचल्या, यात नवल नाही.

निगेटिव्हचे दुखणे वेगळे. पन्नाशीच्या उत्तरार्धातल्या आणि साठीच्या सुरुवातीच्या निगेटिव्हमध्ये बहुधा पिवळा रंग आधी उडतो. अशा निगेटिव्हवरून प्रत काढली की निळ्या नोंदीतला उठाव कमी पडतो. ग्रेडरने मधल्या छटा सावरल्या तर सावल्या निळ्या होतात आणि चेहऱ्यावरचे उजळ भाग पिवळट, आणि सावल्या सावरायला गेले तर चेहरे आणखी बिघडतात. लॅबमध्ये प्रकाशाचे तीन आकडे बदलून हे सुधारत नाही, कारण बिघाड सगळीकडे सारखा नसून छटेगणिक वेगळा असतो. डिजिटल साधने येण्यापूर्वी यावर फारसा इलाज नव्हता. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९८० साली रंग उडण्याच्या प्रश्नावर कोडॅकविरुद्ध जी मोहीम उघडली, तिच्यामागे हीच वस्तुस्थिती होती. त्यानंतरच्या काही वर्षांत प्रतींसाठी जास्त टिकाऊ फिल्म आली, पण तोवर तीस वर्षांचा माल बिघडून बसला होता.

मधल्या काळाची एक गंमत आहे, आणि संग्राहकांना ती ठाऊक असायला हवी. कॅमेऱ्यातून टेक्निकलर बाहेर पडले तरी छपाईतून पडले नाही. ईस्टमनकलर निगेटिव्हवरून तीन मॅट्रिक्स काढून, जुन्याच रंग-हस्तांतरणाच्या पद्धतीने प्रती छापण्याचे काम हॉलिवूडमध्ये सत्तरीच्या मध्यापर्यंत चालू राहिले. ‘द गॉडफादर पार्ट २’ (१९७४) हा तिथे असा छापला गेलेला शेवटच्या काही चित्रपटांपैकी एक. पॅरामाउंटने १९५४ मध्ये आणलेले व्हिस्टाव्हिजन, ज्यात ३५ मिमी फिल्म आडवी चालवून दुप्पट मोठे निगेटिव्ह मिळवत, आणि त्यावरून टेक्निकलरची छपाई, हा मिलाफ माझ्या मते त्या सबंध काळातला सर्वांत देखणा. जॉन फोर्ड यांचा ‘द सर्चर्स’ (१९५६) आणि हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) हे त्यातले. परिणाम असा, की अशा चित्रपटांचे निगेटिव्ह उडालेले असते आणि त्यावरून छापलेली जुनी प्रत मात्र शाबूत असते. सामान्यतः मूळ निगेटिव्ह हे प्रमाण आणि प्रत दुय्यम. इथे रंगापुरते नेमके उलटे आहे.

आपल्याकडच्या रंगीत चित्रपटांचा या इतिहासाशी एक थेट धागा आहे. ‘गॉन विथ द विंड’साठी रे रेनाहान यांच्यासह रंगीत छायाचित्रणाचे पहिले ऑस्कर मिळवणारे अर्नेस्ट हॉलर हेच सोहराब मोदींच्या ‘झांसी की रानी’ (१९५३) या टेक्निकलर चित्रपटाचे छायालेखक होते. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हादेखील टेक्निकलरमध्येच आला. त्याआधी १९३३ साली प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत करून घेण्याचा शांतारामबापूंचा प्रयत्न मनासारखा साधला नव्हता. रंग लॅबमध्ये ठरतो, आणि लॅब आपल्या हाताबाहेर असली की तो बेतही हाताबाहेर जातो, हे त्यांनी फार लवकर अनुभवले.

आता दुसरा प्रश्न : नव्या आवृत्तीतला रंग खरा का?

तीन निगेटिव्हच्या चित्रपटांबाबत सुदैव असे की तीनही कृष्णधवल नोंदी जर शिल्लक असतील तर रंगाची माहिती जवळजवळ पूर्ण शिल्लक असते. त्या नायट्रेट फिल्मवर होत्या आणि नायट्रेट ज्वालाग्राही. १९७८ साली रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसच्या गोदामाला लागलेल्या आगीत शेकडो चित्रपटांची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. जिथे ती उरली, तिथे अडचण आकुंचनाची येते. तिन्ही फिल्म ऐंशी वर्षांत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, आणि एकाच चौकटीतही मध्यभाग आणि कडा वेगवेगळ्या आकसतात. जुन्या पद्धतीने त्या एकमेकींवर बसवल्या तर चेहऱ्याभोवती लाल-हिरव्या कडा उरतात. वॉर्नर ब्रदर्सने २००० नंतर वापरात आणलेल्या संगणकीय पद्धतीत तिन्ही नोंदी स्वतंत्रपणे स्कॅन करून त्या बिंदुगणिक ताणून-दाबून एकमेकींशी जुळवल्या जातात. ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) पासून ‘ऑझ’पर्यंतच्या आवृत्त्यांतली स्वच्छता या जुळवणीतून आली आहे.

इथे एक नवाच प्रश्न उभा राहतो. मूळ प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिली ती रंग किंचित पसरलेली, थोडी मऊ प्रत. निगेटिव्हमध्ये असलेला सगळा तपशील त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. संगणकाने जुळवलेल्या चित्रात तो पोचतो आणि ‘ऑझ’मधल्या भित्र्या सिंहाची शेपूट हलवणारी तार किंवा बुजगावण्याच्या चेहऱ्यावरील गोणपाटी मुखवट्याची कड दिसू लागते. रंगभूषाकाराने आणि नेपथ्यकाराने छपाईत काय लपेल याचा अंदाज घेऊनच काम केले होते. तो अंदाज आज आपण मोडतो. अशा ठिकाणी तार पुसावी की ठेवावी यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत. माझे मत असे की १९३९ च्या प्रतीत जी दिसत नव्हती ती पुसायला हरकत नाही, पण जी तेव्हाही दिसत होती तिला हात लावू नये. तसेच वर सांगितलेली मऊ लाल नोंद हिरव्या नोंदीइतकी धारदार करण्याचा मोह टाळावा, कारण तो मऊपणा कॅमेऱ्याचाच आहे, काळाने केलेले नुकसान नव्हे.

ईस्टमनकलरच्या चित्रपटांना आधार मिळतो तो कृष्णधवल विभाजन प्रतींचा. काही स्टुडिओंनी रंगीत निगेटिव्हवरून पिवळा, सायन आणि मॅजेंटा यांच्या तीन स्वतंत्र कृष्णधवल प्रती सुरक्षिततेसाठी काढून ठेवल्या होत्या. तत्त्वतः त्यांच्यावरून सगळा रंग परत मिळतो. व्यवहारात मात्र त्या काढल्यावर कोणी एकत्र करून तपासून पाहिल्या नव्हत्या असे पुष्कळदा आढळते; एखादी कमी उठावाची, एखादी सरकलेली, एखादी चक्क गहाळ. ‘व्हर्टिगो’चे १९९६ सालचे पुनर्संचयन रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी उडालेल्या निगेटिव्हशी झगडून ६५ मिमी फिल्मवर केले आणि ७० मिमी प्रतींवर दाखवले. त्यातल्या नव्याने बनवलेल्या ध्वनीवर टीका झाली, ती रास्तही होती. पण रंगाच्या बाजूने पाहता पुढच्या पुष्कळ कामांना त्याने दिशा दाखवली.

निगेटिव्ह किंवा विभाजन प्रती हाती असल्या तरी ‘किती’ हे त्या सांगत नाहीत. कृष्णधवल नोंदीत लाल जोडा लाल आहे एवढे कळते; तो डाळिंबी दिसावा की शेंदरी, हे मॅट्रिक्सच्या द्रावणात ठरले होते. त्यामुळे मूळ काळातली रंग-हस्तांतरणाची प्रत समोर ठेवल्याशिवाय केलेले ग्रेडिंग हा तर्क असतो, कितीही देखणे असले तरी. आणि प्रतीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही : एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या वेळी छापलेल्या प्रतींत फरक असतो, पुनःप्रदर्शनाच्या वेळी मॅट्रिक्स नव्याने काढल्या गेल्या असतील तर तो आणखी वाढतो. शिवाय त्या प्रती कार्बन आर्कच्या प्रकाशात दाखवण्यासाठी तोलल्या होत्या. नंतरच्या झेनॉन दिव्याचा पांढरा आणि घरच्या टीव्हीचा पांढरा हे दोन्ही त्याहून वेगळे. म्हणून मी दुरुस्तीच्या कामात प्रत आधी प्रक्षेपित करून पाहण्याचा आग्रह धरतो. टेबलावरच्या उजेडावर भिंगातून पाहिलेली चौकट तोलाबाबत फसवते.

घरी आवृत्ती निवडताना मी काय पाहतो ते सांगतो. आधी लाल-निळ्याकडे लक्ष न देता करडे पाहावे : पुरुषांचा सूट, दगडी भिंत, आभाळातले ढग. करड्यात हिरवट किंवा निळसर झाक असेल तर आजच्या फॅशनचा हात लागला आहे असे समजावे. सावल्या निळ्या-हिरव्या आणि चेहरे नारिंगी करण्याची अलीकडची सवय १९४५ च्या चित्रपटाला शोभत नाही. मग काळा पाहावा. रंग-हस्तांतरणाच्या प्रतीतला काळा दाट असतो, पण सावलीत थोडे काहीतरी दिसत राहते. चेहरे मेणासारखे गुळगुळीत असतील तर फिल्मचे कण पुसताना तपशीलही पुसला गेला आहे. दिव्याच्या किंवा पांढऱ्या कॉलरच्या कडेला लाल-हिरवी रेघ दिसत असेल तर आवृत्ती जुन्या जुळवणीवरची आहे, मग तिच्या वेष्टनावर काहीही छापलेले असो. पन्नाशीच्या उत्तरार्धातल्या चित्रपटात सावल्या निळ्या आणि कपाळ पिवळट दिसले, तर पिवळ्याच्या ऱ्हासावर पुरेसे काम झालेले नाही. रंग जितका भडक तितकी आवृत्ती अस्सल, हा निकष मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. रंगीत टीव्हीच्या दुकानात तो चालतो, इथे नाही.

तुमच्या फिल्म सोसायटीच्या कपाटात त्या काळातली ३५ मिमी किंवा १६ मिमी प्रत असेल, तर ती गुलाबी आहे की नाही एवढ्यावरून तिची किंमत करू नका. ध्वनिपट्टा उजेडावर धरून पाहा. टेक्निकलरच्या रंग-हस्तांतरणाच्या प्रतीत तो निव्वळ चांदीचा, काळा-करडा असतो. ईस्टमन प्रतीत त्यात रंगाची झाक मिसळलेली दिसते. प्रत टेक्निकलरची निघाली तर ती प्रक्षेपकावर वारंवार चालवू नये, कारण जगात कुठेतरी त्या चित्रपटाचे काम चालू असताना तिचीच तुलनेसाठी गरज पडू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवणे उत्तम. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ॲसिटेटचा पाया, म्हणजे फिल्मची मूळ पट्टी, कुजू लागला आहे, आणि तो डबा बाकीच्या डब्यांपासून त्याच दिवशी वेगळा काढावा. प्रत ईस्टमनची आणि गुलाबी असली तरी फेकू नये. उरलेला थोडासा सायन डोळ्याला दिसत नसला तरी चांगला स्कॅनर तो बऱ्याचदा वेगळा काढू शकतो, आणि ज्या चित्रपटाचे दुसरे काहीच शिल्लक नाही त्याच्यासाठी तेवढेही पुरते.